सोळावी गाडी

सकाळी आठ वाजता झियाच्या यादीत अठरा गाड्या होत्या. नऊला सतरा झाल्या, दहाला सोळा. आणि अकराला पाच मिनिटं कमी असताना क्वेन हात पुसत टेबलाशी आली.

“झिया, अजून एक नाव खोड.”

“कोणाचं?”

“तौफिकचं. गिअरबॉक्सचे दात पडले. म्हातारीसारखे, सगळे एकदम.”

“म्हातारीचे एकदम पडत नाहीत, पोरी. एकेक करून पडतात, आणि प्रत्येकाचा वेगळा ठणका असतो,” झिया म्हणाली. पण पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. खोडायचं म्हणजे पंधरा. आणि पंधरा म्हणजे काही नाही.

तिचं पूर्ण नाव जुडिट्टा शुएरेब. माल्टाच्या गोझो बेटावरून एकोणिसाव्या वर्षी बोटीनं सिडनीला आलेली, ग्रॅनव्हिलच्या शर्टांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं शिलाई मशीन चालवलेली बाई. भाचा लिनो तिला आपल्या रीतीनं ‘झिया’ म्हणायचा, म्हणजे मावशी. मग त्याचे मित्र म्हणू लागले, मग मित्रांचे मित्र, आणि आता माल्टाचे, लेबनॉनचे, व्हिएतनामी, ग्रीक, छोट्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या सगळ्याच पोरापोरींची ती झिया होती. क्वेनही त्यातलीच. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात कवळ्यांचे ठसे घ्यायची आणि शनिवारी इंजिन खोलायची, म्हणून तिला जिकडेतिकडे दातच दिसायचे. एकटा नेव्हिल पेटिफर, विराबँगच्या या शर्यतीच्या धावपट्टीचा व्यवस्थापक, झियाला ‘मिसेस एस’ म्हणायचा. त्यापुढचं आडनाव त्याच्या जिभेला पेलत नव्हतं.

नेव्हिलच्या खिडकीवर महिनाभर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर त्याच्याच हातचं, ठोकळ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘छोट्या गाड्या. दुपारी बारापर्यंत सोळा हव्यात. पाव मैल वीस सेकंदांच्या आत न कापणारी गाडी मोजली जाणार नाही. सोळा झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी तुमचा दिवस नाही.’

सोळाच का, हे झियानं तेव्हाच विचारलं होतं. नेव्हिलनं बोटांवर दाखवलं होतं. सोळातून आठ, आठातून चार, चारातून दोन, दोनातून एक. जोड्या लागल्या पाहिजेत. पहिल्या खेपेला तुम्ही नऊ आणल्या, दुसऱ्या खेपेला तेरा. मी गेट उघडतो, रुग्णवाहिका बोलावतो, दिवे लावतो, आणि बघायला कोण? तर मेंढरं.

नेव्हिल वाईट माणूस नव्हता. त्याचा जीव आठ सिलिंडरच्या गाड्यांत अडकलेला होता, एवढंच. त्या गाड्या सुरू झाल्या की कुरणातली मेंढरं पळायची आणि नेव्हिलच्या चेहऱ्यावर देवळात उभं राहिल्यासारखा भाव यायचा. छोट्या गाड्यांना तो शिलाई मशीन म्हणायचा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा झियानं त्याच्या कॉलरला हात घालून आतली शिवण उलटून बघितली होती. “हा शर्ट कशावर शिवला, नेव्हिल? आठ सिलिंडरवर?” त्या दिवसापासून तो तिच्यासमोर तो शब्द जरा दबून वापरायचा.

झिया इथं आली होती ती गाड्यांच्या प्रेमानं नव्हे. लिनोच्या प्रेमानं. लिनोची आई आजारी आईबापांसाठी गोझोला परत गेली आणि नऊ वर्षांचा लिनो मावशीच्या पदरात राहिला. सतराव्या वर्षी त्यानं पडीक गाडी आणली, अठराव्या वर्षी तिच्यात जपानहून आलेलं जुनं रोटरी इंजिन बसवलं, आणि एकोणिसाव्या वर्षी गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर तिची शर्यत लावताना पकडला गेला. त्याच रस्त्यावर तौफिकची मांडी तीन ठिकाणी मोडली. तौफिक अजून पाय ओढत चालतो. झियानं लिनोला शिव्या दिल्या नाहीत, शपथा घातल्या नाहीत. दोन तास गाडी हाकत विराबँगला आली, नेव्हिलच्या टेबलावर पास्तिझीची, म्हणजे माल्टाच्या खाऱ्या करंज्यांची, पिशवी ठेवली, आणि म्हणाली, “माझ्या पोरांना एक दिवस द्या. जिथं रुग्णवाहिका आधीच उभी असते असा.”

आणि लिनोला म्हणाली, “ते गेट उघडं असेतो रस्त्यावर जायचं नाही. कबूल?”

“कबूल.”

“आणि बंद झालं तर?”

लिनो तेव्हा काही बोलला नव्हता. ते न बोललेलं उत्तर झिया तीन वर्षं छातीशी धरून हिंडत होती.

म्हणून आज पंधरा हा आकडा तिला गिळवत नव्हता.

लिनो धावतच आला. अंगात ठिगळ लावलेला अंगरखा, कपाळावर काळा पट्टा. “झिया, ऐक. क्वेनची गाडी आधीच पात्र झालीय. तिच्यावर दुसरा नंबर चिकटवतो, आरसे काढतो, मी बसतो. तिकडून कोणाला कळतंय? सगळ्या छोट्या गाड्या त्यांना सारख्याच दिसतात.”

“तुला दिसतात का सारख्या?”

“मला नाही, पण नेव्हिलला…”

“मग आपणच त्याला म्हणायचं, हो बाबा, आमच्या गाड्या सारख्याच, एक काय नि दोन काय? तीन वर्षं मी त्याच्याशी भांडतेय ते कशासाठी?”

क्वेन बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. तिकडे पट्टीवर कोणाचं तरी इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर किंचाळलं आणि शांत झालं. झियानं टेबलाकडे पाहिलं. टेबलावर पास्तिझीचे दोन ट्रे होते, एक रिकोटा चीजचा, एक वाटाण्याचा. टेबलामागे निलगिरीखाली तिची स्वतःची गाडी उभी होती. पांढरी, छोटी, अकरा वर्षांची. डाव्या दाराला चर्चच्या खांबाची ओळख झालेली.

“ही गाडीच आहे ना?” झिया म्हणाली.

लिनो हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. “झिया, तू महामार्गावर ट्रॅक्टरला पुढे जाऊ देतेस.”

“तो घाईत असतो म्हणून देते. सोळावी कोण, असा प्रश्न होता. ही सोळावी.”

एका दिवसाचा परवाना खिडकीवर मिळतो. झियानं तो घेतला तेव्हा आतल्या मुलीनं वय दोनदा वाचलं. तपासनीस, लांब पांढऱ्या मोज्यांचा, कमी बोलणारा माणूस, त्यानं बॅटरी हलवून बघितली, टायर दाबून बघितले, आणि डॅशबोर्डवरच्या संत अंतोनीच्या मूर्तीवर बोट ठेवलं.

“हे सुटं आहे का?”

“सुटं नाही, स्वतंत्र आहे,” झिया म्हणाली.

“काढावं लागेल.”

झियानं मूर्ती उचलून क्वेनच्या हातात दिली. “पोटाशी धर. त्याला वारा लागू देऊ नकोस.” लिनोचा जुना अंगरखा चढवला, त्याचं जादा हेल्मेट डोक्यात घातलं. त्याला घामाचा, पेट्रोलचा आणि लिनोच्या केसांना लागणाऱ्या कसल्याशा चिकट पदार्थाचा वास होता. लहानपणी लिनोला ताप आला की त्याच्या डोक्याला व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवायची, ते तिला आठवलं.

लिनो गाडीपुढे उलटा चालत तिला रांगेत घेऊन गेला, दोन्ही हातांनी बोलावत, जशी आई पहिल्यांदा चालणाऱ्या पोराला बोलावते. पट्टीच्या तोंडाशी मोठ्या टायरवाल्यांना चाकं गरगरवून तापवता यावीत म्हणून पाणी शिंपडलेलं असतं. त्यानं तिला त्याच्या कडेनं आणलं. पुढे दिव्यांचा खांब. वरचे दोन बारीक दिवे लागले म्हणजे तू रेषेवर आलीस, मग तीन पिवळे, मग हिरवा. बास, एवढंच. त्यानं शंभरदा सांगितलेलं होतं. हिरवा झाला, झियानं पाय दाबला, गाडीनं एक सुस्कारा टाकला आणि निघाली. मेंढरांनी मान वर केली नाही.

पाव मैल संपला तिथून ती वळून परत आली तेव्हा लिनोच्या हातात वेळेची चिठ्ठी होती, आणि चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

“वीस पूर्णांक एकतीस.”

“म्हणजे किती जास्त?”

“डोळ्याची पापणी दोनदा लवते, तेवढं.”

वेळ मोजायच्या मनोऱ्याच्या खिडकीतून नेव्हिलनं डोकं बाहेर काढलं. “मिसेस एस! माझ्या आईची चाकाची खुर्चीसुद्धा…”

“तुमच्या आईला घेऊन या, सतरावी होईल!” झिया खालून ओरडली. सगळे हसले. तीही हसली. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. बाराला रांग बंद होणार होती. आणखी एकच फेरी.

मग जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. एकानं मागचं दार उघडलं, दुसऱ्यानं आत हात घातला. ट्रे ठेवायच्या दोन फळ्या निघाल्या. जादा चाक निघालं. जॅक निघाला. तीन छत्र्या निघाल्या, एक नवी, दोन कोणाच्या तरी. फादरसाठी ठेवलेली लिंबांची पिशवी, पायाखालच्या चटया, १९९३ पासूनची चर्चची पत्रकं, एक इस्त्री. “इस्त्री कशाला, झिया?” “दुरुस्तीला द्यायचीय.” “कधीपासून?” “तू गप्प बस.” मागची सीट निघाली, आणि सीटखालून लिनोचा लहानपणचा एक बूट. ज्यांच्या गाड्यांची नावं सकाळी खोडली गेली होती तेही आले. तौफिक पाय ओढत आला आणि टायरमधली हवा बघू लागला. परीट कपड्यांचं गाठोडं सोडतो तशी त्यांनी तिची गाडी सोडली आणि गवतावर मांडली, आणि त्या पसाऱ्याच्या मध्ये गाडी अशी हलकी, ओकीबोकी उभी राहिली की झियाला तिची माया आली.

“पाव सेकंद निघेल एवढ्यानं,” लिनो ओठ चावत म्हणाला. “सेकंदाचा तिसरा हिस्सा हवाय. निघेल न निघेल.”

क्वेन मात्र मागच्या चाकाशी बसून नाक फेंदारत होती. एका हातानं संत अंतोनीला पोटाशी धरलेलं. “जळल्याचा वास येतोय. तौफिक, तुला येतोय?”

तौफिकनं चाकावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. “तवा तापलाय!”

क्वेननं खिडकीतून आत डोकं घातलं. दोन सीटच्या मधल्या दांड्याकडे बघितलं. मग झियाकडे. “झिया. हँडब्रेक.”

“काय झालं हँडब्रेकला?”

“ओढलेला आहे.”

“एक खटका. एक खटका मी नेहमीच ठेवते.”

तौफिक पुन्हा चाकाकडे वाकला.

“आमचा उतार आहे दारात,” झिया म्हणाली. “गाडीला जरा धरून ठेवलेलं बरं असतं. सुटली तर?”

“आणि चालवतानाही?” लिनोनं हळूच विचारलं.

“चालवतानाच तर सुटते ना!”

आधी तौफिक हसला. मग क्वेन मडगार्डला टेकून हसली. मग सगळी रांगच हसायला लागली. एकटा लिनो हसला नाही. तो खिडकीपाशी खाली बसला, तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर. “अकरा वर्षं तू हिला धरून चालवलीस, झिया?”

“तुलाही तसंच चालवलं.”

त्यानं आत हात घातला आणि दांडा पूर्ण खाली केला. खट्‌. “आता सोड,” तो म्हणाला.

बाराला सहा मिनिटं कमी. वरचे दोन बारीक दिवे लागले. कारखान्यात घाई अंगावर आली की झिया मनाशी गुणगुणायची. गोझोला बाया धुण्याच्या हौदावर बसून एकमेकींना ओळीला ओळ जोडून गातात, तसं. शब्द त्या त्या वेळी सुचतील ते. आताही सुचले, हेल्मेटच्या आत, तिला एकटीला ऐकू येतील एवढेच:

धरून धरून गं झिजलं बोट,
सोडून बघू गं एकदा दोर,
गेलं तर जाऊ दे वाऱ्यावरती,
आलं तर आपलंच येईल पोर.

पिवळा, पिवळा, पिवळा. हिरवा.

या खेपेला गाडीनं सुस्कारा टाकला नाही. ती सरळ सुटलीच. झिया क्षणभर घाबरली, आपण भलत्याच कोणाच्या गाडीत बसलो की काय. दुसरा गिअर. तिसरा. खिडकीबाहेरचं गवत पिवळ्या कापडासारखं ताणलं गेलं, आणि शिवण धावावी तशी पांढरी रेघ तिच्या चाकाशेजारून सरळ, न चुकता पळत राहिली. सरळ शिवण घालणं तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनं पाय तसूभरही उचलला नाही. शेवटची रेषा गेली तरी तो उचलायचा असतो हे तिच्या लक्षात यायला आणखी जरा वेळ गेला.

एकोणीस पूर्णांक बावन्न.

चिठ्ठी हातोहात फिरली. तौफिकनं ती वाचली, क्वेननं वाचली, ग्रीक भावांनी मिळून वाचली. लिनोनं ती कोणाला परत दिलीच नाही.

नेव्हिल मनोऱ्यावरून खाली आला. टोपी मागे सरकवली आणि रांगेच्या एका टोकापासून चालायला लागला, प्रत्येक गाडीच्या टपावर दोन बोटं टेकवत. शेवटच्या पांढऱ्या टपावर त्यानं बोटं टेकवली आणि जरा वेळ तशीच ठेवली.

“सोळा,” तो म्हणाला. आणि मग, झिया आणि लिनोशिवाय कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, “खरं सांगू? मला वाटलं होतं तुम्ही एखादी गाडी दोनदा फिरवाल. मी आरसे बघून ठेवले होते.”

लिनोनं आभाळाकडे बघितलं.

जोड्या लागल्या. सगळ्यात वेगवान गाडीसमोर सगळ्यात संथ, अशी रीत. वेगवान होता लिनो. संथ कोण, ते सांगायला नको. इथल्या खेळात प्रत्येक जण बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं आपली वेळ काचेवर लिहितो, आणि दोन वेळांत जेवढं अंतर तेवढा वेळ संथ गाडीला आधी सोडतात. लिनोच्या काचेवर होतं अकरा पूर्णांक वीस. म्हणजे झिया सुटल्यावर त्यानं आठ सेकंदांहून जास्त वेळ रेषेवर नुसतं उभं राहायचं.

आठ सेकंद म्हणजे काय असतं ते पट्टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. झियाचा हिरवा झाला. पांढरी गाडी निघाली, लहान लहान होत गेली. त्या सगळ्या लांबलचक काळ्या पट्टीवर ती एकटी, आणि मागे लिनोची गाडी जागच्या जागी थरथरत, फुसफुसत. एक, दोन, तीन. लोकांनी मोजायला सुरुवात केली. पाच, सहा. सातावर लिनोचे पिवळे दिवे लागायच्या आधीच त्याची गाडी उडाली. खांबावर लाल भगभगला. लाल म्हणजे बाद. त्यानं तिला गाठलं, मागे टाकलं, सगळं व्यर्थ. पहिली फेरी झियानं जिंकली होती, आणि हे तिला पलीकडच्या टोकाला लिनोनं गाडीतून उतरून सांगितलं तेव्हा कळलं.

“काय रे हे? शंभरदा मला शिकवलंस, हिरव्याशिवाय हलायचं नाही म्हणून!”

“माहितीय.”

“मुद्दाम केलंस का? मुद्दाम केलं असशील तर थोबाडीत देईन.”

“नाही गं.” त्यानं हेल्मेट काढलं. डोळे लाल झाले होते. ते टायरच्या धुरानं असतील, तर असोत. “तू एकटी चाललेली दिसलीस. पुढे कोणी नाही, बाजूला कोणी नाही. पाय आपोआप सुटला.”

झियानं त्याच्या गालावरचा काळा डाग अंगठ्यानं पुसला. तो आणखीच पसरला.

दुसऱ्या फेरीला वेळ होता, म्हणून ती तशीच, अंगात लिनोचा जुना अंगरखा, बाह्या चार घड्या वर, मनोऱ्याच्या पायऱ्या चढून गेली. नेव्हिलनं पुढच्या वर्षीचा तक्ता भिंतीवर लावला होता. एकेका शनिवारावर आठ सिलिंडरवाल्यांची नावं जाड अक्षरांत. त्यानं पेन उघडलं.

“शब्द म्हणजे शब्द, मिसेस एस. जुलैचा दुसरा शनिवार.”

“जुलैत, ऐन हिवाळ्यात, इथं दुपारपर्यंत धुकं असतं. खांबसुद्धा दिसत नाही.”

“बरं. ऑगस्ट.”

“आणि?”

“आणि काय?”

“एक शनिवार झाला. बाकीचे?”

नेव्हिलनं पेन खाली घेतलं. “सोळा गाड्यांचा एक दिवस, असं ठरलं होतं.”

“सोळा गाड्यांचा एक. पण आज गेटवर वीस पोरं उभी होती ती बघितलीत? हेल्मेट नव्हतं म्हणून आत आली नाहीत. गाड्या त्यांच्याकडेही आहेत. वर्षात बावन्न शनिवार, नेव्हिल. एक तुम्ही दिलात. उरलेल्या एक्कावन्न शनिवारी गोदामांच्या मागचा रस्ता तिथंच असतो. त्याला धुकं लागत नाही, त्याला सोळा लागत नाहीत. दोन पुरतात.”

नेव्हिल तक्त्याकडे बघत राहिला. खाली तौफिक एक एक पाय टाकत लिंबांची पिशवी उचलून ठेवत होता. नेव्हिलनं तेही बघितलं.

“दोन देतो,” तो म्हणाला.

“सहा.”

“सहा! या भिंतीवर जागा तरी आहे का?”

“मार्चमध्ये तुमच्या आठवाल्यांचे सलग तीन आहेत. मागच्या मार्चमध्ये किती आल्या होत्या? मी मोजल्या होत्या. अकरा.”

नेव्हिलचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलणार होता, पण समोरच्या घड्याळात वेळ झाली होती आणि पुकारा त्यालाच करायचा होता. त्यानं माइक ओढला, दिव्यांच्या दिशेनं तोंड केलं आणि आवाज चढवला. “दुसरी फेरी! डावी बाजू, क्वेन! उजवी बाजू, मिसेस जुडिट्टा शु… शुए…”

“शुएरेब,” झियानं कानाशी सांगितलं.

“शुएरेब! मिसेस शुएरेब, ताबडतोब रांगेत यावं!”

“ओरडताय कशाला, इथंच तर उभी आहे.” तिनं खिडकीच्या कठड्यावरचं हेल्मेट उचललं, नेव्हिलच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. “मी खाली जाऊन येते. तोवर मार्चचं ठरवून ठेवा.”